‘काजळीची चामखीळ’ आणि ‘अ‍ॅनिलीन-कर्क’ : दोन रोगनामांचा इतिहास

रोगाचे नाव म्हणजे निदान पूर्ण झाल्यावर त्यावर लावलेली चिठ्ठी होय, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. नाव काहीही असो, रोग तो रोगच, असे वैद्य म्हणतो आणि रुग्णही म्हणतो. भाषेच्या अभ्यासकाला ही समजूत तितकीशी पटत नाही. रोगनाम हे पुष्कळदा एक मिटलेले विधान असते. ते उलगडले तर त्यात कर्ता, करण, अधिकरण यांपैकी काही ना काही सापडते, आणि जे सापडत नाही तेही अर्थपूर्ण असते. प्रस्तुत लेखात मूत्र व जननेंद्रियांच्या कर्करोगांच्या इतिहासातील दोन प्रकरणे या दृष्टीने तपासावयाची आहेत. लेखक वैद्यकाचा अभ्यासक नाही. रुग्णवृत्तांत तो वाचतो तो भाषेचा पुरावा म्हणून. तथापि या दोन प्रकरणांत भाषेचा प्रश्न आणि माणसाच्या जिवाचा प्रश्न इतके एकमेकांत गुंतलेले आहेत की एक सोडून दुसऱ्याविषयी बोलता येत नाही.

मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून आधी आपल्या घरातली उदाहरणे घेऊ. मराठीत ‘मुतखडा’ हा शब्द आहे. तो वस्तूचे नाव सांगतो, कारण सांगत नाही. सुश्रुताच्या ‘अश्मरी’चीही तीच गत आहे. याउलट ‘उन्हाळी लागणे’ हा प्रयोग पाहा. लघवीला जळजळ होणे, थेंबथेंब होणे या लक्षणांना आपण जे नाव दिले त्यातच कारणाचा निर्णय देऊन टाकला : उष्णता. लहानपणी घरात कोणी अशी तक्रार केली की धने-जिऱ्याचे पाणी पुढे येई आणि विषय तेथेच संपे. बहुतेक वेळा तो खरोखरीच संपे, हेही कबूल केले पाहिजे. परंतु मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण पुष्कळदा लघवीतून वेदनेविना रक्त जाणे हे असते, आणि त्यालाही ‘अंगातली उष्णता’ हे तयार नाव मिळाले तर रोग्याचे किती महिने जातात, याची कल्पना करता येईल. उपदंशाला आपण ‘गरमी’ म्हणत आलो, तेथेही हाच प्रकार. नाव कारण सांगते. ते कारण खरे असो वा नसो, उपचार नावामागून जातात.

आता अठराव्या शतकातील लंडनकडे वळू. दगडी कोळसा जाळणाऱ्या त्या शहरात घराघराला धुरांडी होती, आणि ती इतकी अरुंद व वळणावळणाची असत की ती साफ करण्यासाठी लहान मुलांना आत चढवीत. नऊ इंच रुंद आणि चौदा इंच लांब ही धुराच्या नळीची नेहमीची मापे. पाच-सहा वर्षांची मुले, बहुधा अनाथ किंवा दरिद्री घरांतली, उस्तादाच्या हाताखाली उमेदवार म्हणून दिली जात. कपडे अडकतात म्हणून पुष्कळदा ती उघड्या अंगाने चढत. रात्री काजळीची पोतीच अंगावर घेऊन निजत. या निजण्याला त्या धंद्यात ‘स्लीपिंग ब्लॅक’, म्हणजे काळे निजणे, असा खास शब्द होता. ज्या धंद्याला झोपेच्या काळेपणासाठीही स्वतंत्र शब्द लागतो त्या धंद्याचे वर्णन निराळे करण्याची आवश्यकता नाही.

ही मुले मोठी झाल्यावर त्यांच्यापैकी काहींना वृषणकोशाच्या खालच्या भागी एक व्रण होई. कडा कठीण आणि उचललेल्या, व्रण वेदनादायक. पुढे तो वृषणात उतरे आणि शुक्ररज्जूच्या मार्गाने पोटापर्यंत पोचे. मुले वयात आल्यानंतरच तो दिसत असल्यामुळे शस्त्रवैद्यांनी आणि रोग्यांनीही त्याला लैंगिक संसर्गाचा रोग ठरविले होते. गरमीवरचा त्या काळचा उपचार म्हणजे पारा. तोच या व्रणावर होई, आणि पाऱ्याने व्रण चिघळे. एका चुकीच्या नावाची ही सरळ फलश्रुती.

सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचा शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट (1714-1788) याने 1775 साली प्रसिद्ध केलेल्या शस्त्रवैद्यकीय निरीक्षणांच्या ग्रंथात या रोगावर एक लहानसे प्रकरण लिहिले. मोतीबिंदू, नाकातील मांसवृद्धी, अंतर्गळ यांच्या शेजारी हे चार-पाच पानांचे प्रकरण बसविलेले आहे. त्यात पॉटने चार गोष्टी सांगितल्या : हा व्रण संसर्गाचा नाही, तो कर्करोग आहे, त्याचे मूळ वृषणकोशाच्या सुरकुत्यांत साठून राहणाऱ्या काजळीत आहे, आणि तो लवकर कापून काढला तरच रोगी वाचण्याची आशा. एखाद्या व्यवसायातील विशिष्ट द्रव्यामुळे कर्करोग होतो असे निःसंदिग्धपणे दाखविणारा हा पहिला लेख म्हणून वैद्यकाच्या इतिहासात त्याला मान आहे, आणि तो योग्यच आहे. त्या मुलांच्या दैन्याविषयी पॉटने तेथे जे लिहिले आहे त्यात शास्त्रज्ञाचा तटस्थपणा सुटलेला दिसतो. मला तरी तो सुटला हे बरे वाटते.

परंतु आपल्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य निराळेच आहे. ते अगदी लहान आहे, आणि पॉट ते जाता जाता नोंदवून पुढे जातो. धंद्यातली माणसे या रोगाला ‘सूट-वॉर्ट’ म्हणतात, एवढेच ते सांगते. मराठीत सांगावयाचे तर ‘काजळीची चामखीळ’.

या शब्दाचा उलगडा करू. ‘चामखीळ’ हा घटक चुकीचा आहे. तो रोग चामखीळ नव्हता. पण ‘काजळी’ हा घटक पूर्णतः बरोबर आहे. म्हणजे लंडनमधील विद्वान शस्त्रवैद्य ज्या काळात या व्रणाला संसर्गाचा रोग समजून पारा देत होते, त्या काळात निरक्षर धुरांडेवाल्यांच्या बोलीत रोगाचे कारण शब्दरूपाने वावरत होते. पॉटचा शोध कमी लेखावा असा याचा अर्थ नव्हे. ‘हा कर्करोग आहे’ हे धंद्यातल्यांना कळले नव्हते; ते पॉटला कळले, आणि शस्त्रक्रियेची निकड त्यातूनच सिद्ध झाली. परंतु ‘काजळीमुळे’ हा अर्धा भाग त्याला रोग्यांच्या भाषेने आयता दिला होता असे मानण्यास जागा आहे. निदान इतके निश्चित की तो भाग त्यांच्या भाषेत आधीपासून होता. बरोबर नाव होते. त्याला फक्त अधिकार नव्हता.

यापुढे जे घडले ते व्याकरणाच्या विद्यार्थ्याला विशेष उद्बोधक वाटेल. पॉटच्या नंतर वैद्यकाच्या वाङ्मयात या रोगाला जे नाव रूढ झाले ते ‘चिमणी-स्वीपर्स कॅन्सर’, म्हणजे धुरांडेवाल्यांचा कर्करोग. पॉटचा नातू हेन्री अर्ल याने 1823 साली या विषयावर लिहिले तेही याच नावाखाली. ‘काजळीची चामखीळ’ आणि ‘धुरांडेवाल्यांचा कर्करोग’ या दोन्हींत मराठीत षष्ठीच येते, आणि षष्ठी ही विभक्ती फार उदार आहे. मालकी, द्रव्य, उगम, सहवास, काय वाटेल ते ती पोटात घेते. पण पहिल्या नावातली षष्ठी उगम दाखविते, दुसरीतली धनी. पहिल्या नावात रोग काजळीचा आहे. दुसऱ्या नावात तो माणसाचा झाला. शास्त्रीय दृष्ट्या उत्तरपद सुधारले, ‘चामखीळ’ जाऊन ‘कर्करोग’ आला. पण पूर्वपदातून कारण निघून गेले आणि त्याच्या जागी कारणाचा बळी येऊन बसला. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. रोग त्या माणसांचा म्हटल्यावर, ती माणसे अस्वच्छ राहतात म्हणून त्यांना तो होतो, इथपर्यंत जाण्यास फार वेळ लागत नाही. काजळीचा म्हटले असते तर प्रश्न निराळा विचारावा लागला असता : काजळीत मुलांना कोण उतरवितो?

हा प्रश्न विचारणारे नव्हतेच असे नाही. 1788 साली, म्हणजे पॉटच्या मृत्यूच्याच वर्षी, ब्रिटिश संसदेने आठ वर्षांखालील मुलांना उमेदवार घेऊ नये आणि एका उस्तादाने सहांपेक्षा अधिक उमेदवार ठेवू नयेत असा कायदा केला. अंमलबजावणीची यंत्रणा नसल्याने तो कागदावर राहिला. नंतर 1834, 1840, 1864 असे कायदे होत गेले, आणि मुले धुरांड्यांत चढतच राहिली. प्रथा खऱ्या अर्थाने बंद झाली ती 1875 च्या कायद्याने. पॉटच्या ग्रंथाला त्या साली बरोबर शंभर वर्षे झाली होती.

मधल्या काळातील एक साक्ष येथे मुद्दाम नमूद करतो. 1817 साली संसदेच्या समितीपुढे या मुलांविषयी पुरावा घेण्यात आला. त्यात सेंट टॉमस रुग्णालयातील हेन्री क्लाइन या ज्येष्ठ शस्त्रवैद्याचे मत एका साक्षीदाराने सांगितले : चाळीस वर्षांहून अधिक काळात आपल्या रुग्णालयात असे रोगी वीसपेक्षा अधिक पाहण्यात आले नाहीत, आणि धुरांडेवाल्यांखेरीज इतरांत हा रोग क्वचितच दिसतो. चाळीस वर्षांत वीस! हा आकडा पाहून कोणी म्हणेल की इतक्या दुर्मिळ रोगासाठी कायदे कशाला. परंतु तर्कदृष्ट्या या दुर्मिळतेतच पुराव्याचे बळ आहे. जो रोग सर्वसाधारण माणसाला जवळजवळ होतच नाही तो एकाच धंद्यातल्या माणसांना झाला, तर चार-दोन रोगीही कारणाकडे बोट दाखविण्यास पुरतात. तेथे संख्याशास्त्राची गरज पडत नाही, डोळे उघडे असले की पुरे. शिवाय काजळी जेथे साठे तेथेच व्रण होई; कारण आणि कार्य एकाच ठिकाणी, डोळ्यांसमोर. धंद्यातल्या माणसांना योग्य नाव सुचले ते याचमुळे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. 1892 साली हेन्री बटलिन याने आपल्या व्याख्यानांत एक चांगला प्रश्न उभा केला : युरोप खंडातील धुरांडेवाल्यांना हा रोग का होत नाही? उत्तर असे की जर्मनी व आसपासच्या देशांतील कामगार अंगाबरोबर बसणारा बंद पोशाख घालीत आणि रोज अंग धूत. म्हणजे काजळी तीच, माणसेही तशीच, आणि तरी रोग नाही. ‘धुरांडेवाल्यांचा कर्करोग’ हे नाव या एका निरीक्षणाने मोडीत निघावयास हवे होते, निघाले नाही. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत चात्यांच्या तेलाने विजारी भिजणाऱ्या कातकऱ्यांना हाच कर्करोग होऊ लागला तेव्हा त्यालाही ‘म्यूल-स्पिनर्स कॅन्सर’ असे धंद्याचेच नाव पडले. 1915 साली टोकियोत यामागिवा व इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोपडून कर्करोग उत्पन्न करून दाखविला, आणि 1933 साली लंडनच्या संशोधकांनी डांबरातून बेंझोपायरीन हे कर्ककारक द्रव्य वेगळे काढले. धुरांडेवाल्यांच्या शब्दातील पूर्वपदाला प्रयोगशाळेची मान्यता मिळण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली.

दुसरे प्रकरण जर्मनीतले आहे आणि त्याची गती नेमकी उलटी आहे.

1856 साली विल्यम पर्किनने डांबरापासून पहिला कृत्रिम रंग काढला. 1859 साली फ्रान्समध्ये फुक्सीन हा किरमिजी रंग निघाला, आणि पाहता पाहता ऱ्हाइन व माइन नद्यांच्या काठी रंगांचे कारखाने उभे राहिले. फ्रांकफुर्टचा शस्त्रवैद्य लुडविग रेन (1849-1930) याने 1895 साली फुक्सीन-कामगारांतील मूत्राशयाच्या गाठींवर निबंध वाचला. हाच तो रेन, ज्याने पुढल्या वर्षी जखमी हृदयाला टाके घालून रोगी वाचविला. त्या पराक्रमापुढे त्याचा हा निबंध काहीसा झाकला गेला. त्याच्यासमोर रोगी होते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण ते सारे एकाच प्रकारच्या कामावरचे होते, आणि रेनने त्यावरून कामाचा व रोगाचा संबंध जोडला. संबंध खरा होता. पण त्या कामात वापरल्या जाणाऱ्या अनेक द्रव्यांपैकी दोष त्याने दिला तो अ‍ॅनिलीनला, आणि जर्मन भाषेच्या समासप्रिय स्वभावानुसार ‘आनिलीनक्रेब्स’ हा शब्द रूढ झाला. आपण त्याला ‘अ‍ॅनिलीन-कर्क’ म्हणू.

येथे एक अवांतर गोष्ट. जर्मन ‘क्रेब्स’ म्हणजे खेकडा आणि कर्करोगही. ग्रीक ‘कार्किनोस’, लॅटिन ‘कान्कर’ यांतही तोच खेकडा. सुश्रुताकडे गाठीला ‘अर्बुद’ आहे, खेकडा नाही. आपला ‘कर्करोग’ हा अलीकडचा, युरोपीय शब्दावरून बेतलेला. गंमत अशी की ज्या संस्कृत ‘कर्क’चा आधार आपण घेतला तो आणि ग्रीक ‘कार्किनोस’ हे सजातीय मानले जातात. म्हणजे खेकडा परदेशी फिरून घरी आला.

असो. ‘अ‍ॅनिलीन-कर्क’ या नावात व्याकरणदृष्ट्या काहीच उणे नाही. पूर्वपदात कारण आहे, उत्तरपदात रोगाची खरी जात आहे. ‘काजळीची चामखीळ’ याहून कितीतरी सुघड. शिवाय त्याला विद्वत्परिषदेचा अधिकार होता. उणीव एवढीच की पूर्वपद चुकले होते. आंतरराष्ट्रीय श्रम कार्यालयाने 1921 साली या विषयावर जो अहवाल काढला त्याच्या शीर्षकातही अ‍ॅनिलीनचे कारखाने आहेत. पण आतील मजकूर विशेष बोट दाखवितो ते बीटा-नॅफ्थिलअमीन आणि बेंझिडीन या दोन द्रव्यांकडे. शीर्षक एक सांगते आणि मजकूर दुसरेच. 1938 साली ह्यूपर व त्याच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांना बीटा-नॅफ्थिलअमीन देऊन मूत्राशयाचा कर्करोग उत्पन्न केला, तेव्हा खऱ्या आरोपीची ओळख पटली. तरीही ते द्रव्य पुढे अकरा वर्षे ब्रिटनमध्ये तयार होत होते. तेथील उत्पादन बंद झाले 1949 साली. नावाने दाखविलेल्या दिशेला पाहत राहण्याची ही किंमत, असे मी म्हणतो. सारा दोष नावाचा नव्हे हे मान्य. कारखानदारीचे हितसंबंध होतेच. पण हितसंबंधांना आडोसा लागतो, आणि चुकीचे शास्त्रीय नाव हा आडोसा चांगला असतो.

अ‍ॅनिलीन अगदी निर्दोष आहे असेही समजू नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात त्याला बहुधा कर्ककारक द्रव्यांच्या वर्गात घातले. परंतु फुक्सीनच्या निर्मितीत त्याच्या जोडीला असणारे ऑर्थो-टोल्युइडीन आणि फुक्सीनची निर्मिती-प्रक्रिया या दोहोंना त्याच संस्थेच्या 2010 च्या ग्रंथात निश्चित कर्ककारक ठरविले आहे. रेनचा बाण लक्ष्याच्या शेजारी लागला होता.

या प्रकरणात कामगारांच्या बोलीतून योग्य नाव निघणे का कठीण होते, हे आता सहज ध्यानात येईल. काजळी कातडीवर बसते आणि तेथेच रोग होतो. बीटा-नॅफ्थिलअमीन श्वासावाटे व त्वचेवाटे शरीरात जाते, यकृतात त्याचे रूपांतर होते, मूत्रावाटे ते बाहेर पडू लागते, आणि मूत्र साठते त्या मूत्राशयात आपले काम करते. प्रवेश एका ठिकाणी, परिणाम दुसऱ्या ठिकाणी. कालाचे अंतर त्याहून मोठे. कामाला लागल्यापासून दीड-दोन दशके लोटल्यावर लघवीत रक्त दिसे, आणि तोवर माणूस पुष्कळदा तो कारखाना सोडून गेलेला असे. शिवाय मूत्राशयाचा कर्करोग उतारवयातील पुरुषांत एरवीही आढळतो. वृषणकोशाच्या कर्करोगासारखा तो दुर्मिळ नाही. त्यामुळे एका-दोघांच्या रोगावरून काहीच उघड होत नसे. येथे मोजदाद करणे भाग होते.

ती मोजदाद रॉबर्ट केस याने केली. ब्रिटिश रासायनिक कारखान्यांतील कामगारांच्या याद्या आणि मृत्यूचे दाखले ताडून पाहून त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी 1954 साली दाखविले की या द्रव्यांशी संबंध आलेल्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठींनी होणारे मृत्यू सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे तीसपट होते. केवळ अ‍ॅनिलीन हाताळणाऱ्यांत मात्र असा अतिरेक आढळला नाही. एकोणसाठ वर्षांनी पूर्वपद पुसले गेले. तत्पूर्वी 1953 साली ब्रिटनने हा रोग भरपाईस पात्र अशा व्यावसायिक रोगांत घातला होता.

केसच्या कामातील एक उपकथा राहिली. तुलनेसाठी, जेथे रंगांचे कारखाने नाहीत असे शहर म्हणून, त्याने बर्मिंगहॅमच्या रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या. तेथे हे रोगी आढळू नयेत अशी अपेक्षा होती. ते आढळले, आणि त्यांतले अनपेक्षित संख्येने रबराच्या कारखान्यांतले होते. इतकी वर्षे ‘रंग-कामगारांचा रोग’ असे म्हणत राहिल्यामुळे रबर-कामगारांकडे पाहण्याचे कोणाच्या मनातच आले नव्हते. पुन्हा तीच षष्ठी : रोग ज्यांचा म्हटला त्यांच्याखेरीज इतरांना तो दिसेनासा झाला. शोध घेता असे निघाले की रबर टिकाऊ व्हावे म्हणून त्यात मिसळल्या जाणाऱ्या एका पदार्थात बीटा-नॅफ्थिलअमीनचा अंश होता. 1949 साली तो पदार्थ बाजारातून काढून घेतला गेला. 1972 साली अपील न्यायालयाने तो पदार्थ बनविणारी कंपनी आणि रबराचा कारखाना या दोघांनाही जबाबदार धरले. कारखान्यात तो पदार्थ येई तो ‘नोनॉक्स एस’ या व्यापारी नावाने. आणि त्या नावात नॅफ्थिलअमीनचे एक अक्षरही नव्हते.